आपला स्का बँड थांबला

बेळगावचा आपला स्का बँड, म्हणजे जमैकातल्या नाचऱ्या स्का संगीताचा बँड, आज थांबला. फार वाईट वाटलं. वरातीच्या बँडमधले ट्रंपेट-ट्रॉम्बोनवाले आणि गिटारवाली पोरं एकत्र आली, तिथंच खरी मजा होती. स्कात गिटारचा ठोका दोन मात्रांच्या मधोमध पडतो आणि डावा हात लगेच सैल सोडून सूर तोडावा लागतो. सूर लांबला की चाल जड होते. ड्रमचा जोर दुसऱ्या-चौथ्या मात्रेवर. गिटारला ई, ए या पट्ट्या (स्केल) सोप्या. ट्रंपेटला त्याच पट्ट्या अवघड, म्हणून बी फ्लॅट किंवा एफ धरायची.

पण आठ-नऊ जणांत बिदागी वाटल्यावर हातात काय राहणार? शिवाय लग्नसराईत ब्रासवाले प्रॅक्टिसला येणार कुठून? जमैकाचे स्का बँडवाले स्कॅटलाइट्ससुद्धा १९६४ ला जमले, १९६५ ला फुटले. १९८३ ला मात्र पुन्हा एकत्र आले. पोरांनो, ट्रॉम्बोन विकू नका.