वजन वाढलं की

आज सकाळी कोकणकन्येने थिवीला उतरलो. भाचा माझ्या खांद्यावर झोपलेला, मागे ताई फाइल छातीशी धरून. त्याला गोशे आजार आहे, म्हणजे शरीरात एक एन्झाइम कमी पडण्याचा दुर्मिळ आनुवंशिक आजार. दर दोन आठवड्यांनी शिरेतून ते एन्झाइम द्यावं लागतं, आणि ते थांबवून चालत नाही. काल केईएममध्ये तपासणीच्या वेळी वजन केलं. दोन किलो वाढलं होतं! कुठलीही आई खूश झाली असती. ताईचा चेहरा उतरला. डोस वजनावर ठरतो, खर्चही. दुर्मिळ आजारांसाठीच्या २०२१च्या राष्ट्रीय धोरणात एका रुग्णाला ५० लाखांपर्यंत मदत आहे. मूल वाढतं, मर्यादा वाढत नाही.

गाडीत रात्रभर डोळा लागला नाही. एकेका मुलासाठी औषधाच्या सुट्या कुप्या घ्यायच्या, तर कंपनीशी भाव कोण करणार? सगळ्या राज्यांची मागणी एकत्र करून केंद्राने वर्षावर्षाचा दर ठरवावा. आपल्या गोव्यासारख्या छोट्या राज्याच्या एकट्याच्या मागणीला बाजारात कोण विचारतो?

भाचा उठलाय. पेज मागतोय, वर लोणचंही. ताईने उकडे तांदूळ शिजत घातलेत.