सांताक्रूझ बेटाच्या आडोशाला नांगरलेली एक रात्र

सांताक्रूझ म्हटले की मुंबईच्या माणसाला पश्चिम रेल्वेचे स्थानक आठवते. मी ज्या सांताक्रूझविषयी लिहितो आहे ते दक्षिण कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यासमोरचे बेट आहे. दोन्ही नावांचा अर्थ ‘पवित्र क्रूस’ असाच आहे, एक पोर्तुगिजांकडून आले आणि दुसरे स्पॅनिशांकडून, एवढाच फरक. चुमाश नावाचे मूळचे रहिवासी त्याला ‘लिमू’ म्हणत. साधारण ३५ किलोमीटर लांबीचे हे बेट १९८० साली स्थापन झालेल्या चॅनल आयलंड्स राष्ट्रीय उद्यानाच्या पाच बेटांपैकी सर्वांत मोठे असून, त्याच्या पूर्व टोकापाशी स्मगलर्स कोव्ह नावाची बाकदार, उथळ जागा आहे. शनिवार-रविवारी तिथे शिडाच्या बोटींची दाटी होते. गेल्या सप्टेंबरमध्ये माझ्या आतेभावाच्या ३४ फुटी बोटीवर आम्ही तिथे एक रात्र काढली. दादा, वहिनी, माझी पत्नी आणि मी, असे आम्ही चौघे होतो.

ऑक्सनार्डच्या बंदरातून सकाळी निघालो तेव्हा धुके पाण्यावर बसलेले होते. अंतर जेमतेम १८ सागरी मैलांचे, पण मध्ये लॉस एंजेलिस आणि लाँग बीचकडे जाणाऱ्या कंटेनर जहाजांचा ठरलेला मार्ग लागतो आणि तो शक्य तितका काटकोनात ओलांडावा असा नियम आहे. दुपारी धुके विरले, पश्चिमेचा वारा भरला आणि अनाकापा बेट डाव्या हाताला ठेवून आम्ही सांताक्रूझच्या सान पेद्रो टोकाला वळसा घातला. वळताच वारा बेटाच्या डोंगराआड गेला. समोर फिकट वाळूचा किनारा होता, मागे निलगिरीची झाडे आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लावलेली जुनी ऑलिव्हची बाग. आमच्या आधी पोचलेल्या एकोणीस बोटी मी मोजल्या.

इथे बोटी कशा उभ्या आहेत हे आधी पाहावे लागते, असे दादाने सांगितले आणि इंजिन मंद ठेवून त्याने त्या सगळ्या रांगेभोवती एक पूर्ण फेरी मारली. प्रत्येक बोटीची नाळ, म्हणजे पुढचे टोक, समुद्राकडे होती, पाठ किनाऱ्याकडे होती आणि पुढून-मागून असे दोन नांगर टाकलेले होते. याला कारण आहे. बेट वारा अडवते, पण दूरच्या वादळांतून उठलेली दक्षिणेची लांब लाट टोकाला वळसा घालून आत येते. बोट एकाच नांगरावर असली तर वारा पडल्यावर ती आडवी होते आणि रात्रभर कुशीवर हेलकावे खाते. नाळ लाटेला सामोरी ठेवली तर तीच लाट बोट नुसती उचलते आणि खाली ठेवते. शिवाय दोन नांगरांवरची बोट आपली जागा सोडत नाही, म्हणून एवढ्याशा जागेत वीस-पंचवीस बोटी सुखाने राहू शकतात.

आम्ही जागा निवडली ती केल्पच्या, म्हणजे तिथल्या उंच वाढणाऱ्या समुद्री शेवाळाच्या, कडेपासून दूर. केल्पच्या मुळांत नांगर अडकल्यासारखा वाटतो आणि जोर आला की गवताच्या जुडीसकट निघून येतो. तिथे निव्वळ वाळू होती आणि खोली २२ फूट. रात्रीची भरती आणखी ४ फुटांची, बोटीची नाळ पाण्यापासून ४ फूट उंच, म्हणजे एकूण ३० फूट. त्याच्या पाचपट, म्हणून १५० फूट साखळी. साखळी जितकी लांब, तितकी ती तळाला सपाट ओढली जाते आणि नांगराचे फाळ वाळूत खाली घुसतात. आखूड साखळी त्यांना वर उपटते. दादाच्या साखळीवर दर २५ फुटांवर रंगाची खूण आहे. मी नाळेवर उभा राहून सहावी खूण दिसेपर्यंत साखळी सोडत गेलो आणि दादा इंजिन उलटे चालवून बोट किनाऱ्याकडे मागे घेत राहिला.

“आता साखळीवर हात ठेव,” दादा सुकाणूवरून ओरडला. “काय लागतंय ते सांग.”

मी तळवा साखळीवर टेकवला. आधी बारीक घरघर लागली, दगडी जात्यावर हात ठेवल्यासारखी. म्हणजे नांगर अजून वाळूवरून घसटत होता. मग एक हिसका आला, साखळी ताठ झाली आणि घरघर थांबली. लहानपणी रेवदंड्याच्या खाडीत कोळी नाखवा नांगराच्या दोरीवर असाच हात ठेवून गप्प उभा राहायचा, ते मला तेव्हा आठवले. तो काय ऐकतो आहे हे त्या वयात कळत नव्हते. दादाने इंजिनचा जोर वाढवून आणखी अर्धा मिनिट ओढून पाहिले. मी किनाऱ्यावरचे एक निलगिरीचे झाड आणि त्यामागचा डोंगरमाथा एका रेषेत धरला होता; ती रेष हलली नाही.

मागचा नांगर मात्र हातानेच न्यावा लागतो. लहान रबरी होडीच्या कडेवर तो लटकवला, त्याची थोडी साखळी बादलीत गोळा केली, तिला जोडलेली दोरी वहिनी मोठ्या बोटीवरून सोडत राहिल्या आणि मी वाऱ्याविरुद्ध वल्ही मारत किनाऱ्याच्या दिशेने गेलो. दादाने हात वर करताच नांगर सोडला. मग बोटीवर परतून दोरी ताणून बांधली. या सगळ्याला पाऊण तास लागला आणि माझ्या मते त्या सहलीतला तो सर्वांत मोलाचा पाऊण तास होता.

सूर्य डोंगराआड गेल्यावर आणखी एक मोटारबोट आली. तिने आमच्या आणि शेजारच्या बोटीच्या मधल्या मोकळ्या जागेत एकच नांगर टाकला. वारा अजून बेटावरून येत होता, त्यामुळे ती किनाऱ्याकडे तोंड करून शांत उभी राहिली आणि त्यावरची मंडळी जेवायला बसली. पण १०० फूट साखळी सोडलेल्या ३० फुटी बोटीला मोकळे फिरायला अडीचशे फूट व्यासाचे वर्तुळ लागते आणि त्या वर्तुळात आम्हीही होतो, पलीकडची बोटही होती. नऊच्या सुमारास वारा पडला. ती बोट सावकाश आमच्या बाजूला वळू लागली.

दादाने आवाज चढवला नाही. आम्ही दोघे होडीतून तिच्याजवळ गेलो. वर एक जोडपे होते आणि दोन झोपाळलेली मुले. त्यांच्याकडे दुसरा नांगर नव्हताच. दादाने आमच्याकडचा जादा नांगर आणि दोरी आणून दिली, त्यांची बोट वळवून नाळ समुद्राकडे करून घेतली आणि तो नांगर मीच किनाऱ्याच्या बाजूला नेऊन टाकला. दाट वस्तीतल्या नांगराचा शेजाऱ्याशी थेट संबंध असतो. तुमचा सुटला तर पहिला धक्का त्याला बसतो, म्हणून त्याचा नांगर नीट बसणे ही तुमचीही गरज असते. मला हा शेजारधर्म फार महत्त्वाचा वाटतो.

डोलकाठीच्या टोकाला पांढरा दिवा लावला, फोनवर जागा हलल्यास वाजणारी घंटा लावली आणि तरीही पहारे वाटून घेतले. दादा याबाबतीत कोणाचे ऐकत नाही. याच बेटाच्या उत्तर किनाऱ्यावर, प्लॅट्स हार्बरमध्ये, २ सप्टेंबर २०१९ च्या पहाटे नांगरून उभ्या असलेल्या ‘कन्सेप्शन’ या डायव्हिंगच्या बोटीला आग लागली आणि खाली झोपलेली ३४ माणसे दगावली. त्या रात्री बोटीवर कोणीही जागता पहारा देत नव्हते. दादा त्या दिवसाबद्दल फारसे बोलत नाही. फक्त रात्री कोणी ना कोणी जागे राहते.

बारा ते तीन माझी पाळी होती. दोनच्या सुमारास दरीतून थंड वारा उतरला, आपल्याकडच्या मतलई वाऱ्यासारखाच, जमिनीवरून पाण्याकडे जाणारा. मागची दोरी ताणली गेली आणि पाण्यात शिरते तिथे, ती थरथरली की निळसर ठिणग्यांची एक रेघ उमटून विझत होती. मी टॉर्च लावून झाडाची काळी आकृती आणि डोंगरमाथा पुन्हा एका रेषेत पाहिले. एकवीस दिवे एका लयीत वर जात होते आणि खाली येत होते. पाण्याचा बाकी आवाज नव्हता. पाळी संपल्यावर पत्नीला उठवायचे होते, पण मी आणखी वीस मिनिटे तसाच बसलो.

सूर्य अनाकापाच्या काळ्या कण्यामागून वर आला. शेजारच्या जोडप्याने आमचा नांगर स्वच्छ धुऊन, दोरीची नीट वेटोळी करून आणून दिला. मुलांनी सोबत संत्री दिली. मग आम्ही आधी मागचा आणि मग पुढचा नांगर उचलला. साखळीबरोबर करड्या वाळूचे गोळे आले, ते बादलीने धुऊन काढत सहा खुणा एकेक करून आत घेतल्या.

बाहेर पडत असताना एक शिडाची बोट आत येत होती. सुकाणूवरच्या बाईंनी हात उंचावून आमची जागा मोकळी आहे का, असे विचारले. दादाने त्यांना खोली २२ फूट असल्याचे आणि केल्पची कड डाव्या हाताला कुठवर येते ते सांगितले, आणि मी ते निलगिरीचे झाड बोटाने दाखवले.