माझा अनुभव: वीस गुंठे मुरमात शेळ्यांचा पाला

माणदेशात पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आत, आणि त्यातला मोठा वाटा सप्टेंबरात. कडबा मार्चपर्यंत पुरतो, खरी ओढाताण एप्रिल ते जून. म्हणून झाडं निवडताना कोणतं झाड कोणत्या महिन्यात तोंडाला पाला देतं, एवढंच मी पाहिलं. शेवरी पहिल्याच वर्षी हाताशी येते, पण तीन-चार वर्षांत संपते. सुबाभूळ दुसऱ्या वर्षानंतर कामाची. बाभळीच्या शेंगा एप्रिल-मेमध्ये पडतात. आणि अंजन उशिराचा सोबती, पण उथळ मुरमात तगणारा आणि ऐन उन्हाळ्यात नव्या पालवीवर येणारा. चारही लावली. सुबाभळीच्या ओळी मधे, शेवरी बांधाकडेने, अंजन आणि बाभूळ वरच्या खडकाळ कोपऱ्यात.

सुबाभळीचं बी किलोत पंधरा-वीस हजार भरतं, त्यामुळे वीस गुंठ्यांना पावशेर पुष्कळ. अडचण असते ती कठीण सालीची. पाणी उकळायचं, भांडं चुलीवरून उतरवून दोन-तीन मिनिटं थांबायचं, मग बियाच्या चौपट पाण्यात बी टाकून तीन-चार मिनिटं ठेवायचं. ते पाणी ओतून रात्रभर थंड पाण्यात. सकाळी फुगलेलं बी पिशवीत, न फुगलेलं पुन्हा गरम पाण्यात. चुलीवर ठेवूनच बी उकळणारे पुष्कळ आहेत. ते शिजतं, उगवत नाही. बाभळीच्या बियाला तर एवढंही करावं लागत नाही. शेंगा शेळ्यांना घालायच्या आणि गोठ्यातल्या बिया गोळा करायच्या, साल मऊ करायचं काम पोटात झालेलं असतं.

पिशव्या मार्चमध्ये भरल्या: दोन भाग माती, एक भाग वाळू, एक भाग कुजलेलं लेंडीखत. ताजं लेंडीखत घातलं की वाळवी येते आणि कोंब करपतात. जूनअखेर रोप वीतभर ते हातभर झालं की लावायचं. त्याहून जुन्या रोपाचं सोटमूळ पिशवीच्या तळाशी गुंडाळी करतं; ते पहिल्या पावसाळ्यात हिरवंगार दिसतं आणि दुसऱ्या उन्हाळ्यात उभं वाळतं. लोक म्हणतात पाणी कमी पडलं, पण उपटून पाहिलं तर मुळाची गाठ निघते. अंजनाला म्हणून पिशवीत घालूच नये. त्याची चपटी, पंखासारखी शेंग असते, टोकाला एकच बी. यंदाचंच बी घ्यावं, जुन्याचा भरवसा नाही. रात्रभर भिजवून, पहिला चांगला पाऊस झाला की जागेवरच दोन-दोन टोकायचं. वर बोटभर रोप दिसतं तेव्हा खाली मूळ हात-दीड हात गेलेलं असतं. वर्षभर ते 'वाढतच नाही' म्हणून उपटून टाकू नका.

उताराला आडवे समतल चर काढले, रुंदी दीड फूट, खोली एक फूट. माती उताराच्या बाजूला, आणि रोप त्या मातीच्या वरंब्यावर, चरात नाही, कारण सुबाभळीला साचलेलं पाणी सोसत नाही. ओळींत दोन मीटर, रोपांत अर्धा मीटर. वीस गुंठ्यांत दोन हजार रोपं बसतात. दोनेकशे मरतात असं धरून जादा रोपं ठेवावीत आणि ऑगस्टमध्येच नांगी भरावी, म्हणजे मेलेल्यांच्या जागी ती लावावीत. पुढल्या वर्षी लावलेलं रोप शेजारच्याच्या सावलीत कधीच वर येत नाही.

आता सगळ्यात अवघड भाग: न कापणं आणि न चारणं. कोरडवाहू सुबाभळीला पहिली दीड-दोन वर्षं कोयता लावायचा नाही. बागायती रानात सहा महिन्यांत कापतात, ते ऐकून आपण कापलं की झाड साठवलेलं सगळं वर फुटण्यात घालवतं आणि मूळ ओलीपर्यंत पोचत नाही. खोड बुंध्याशी अंगठ्यापेक्षा चांगलं जाड झाल्यावरच पहिली कापणी. त्याआधी कुंपण. शेळी पाला खाते ते परवडतं. पाला संपला की ती साल सोलते, आणि भोवतीची साल गेली की झाड गेलं. हिवरे बाजार, राळेगणसिद्धी इथं चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी आधी का आली, ते अशा वीस गुंठ्यांतही कळतं.

कापणी जमिनीपासून तीन फुटांवर, धारदार कोयत्याने, तिरकी. बोथट हत्याराने खोड चिरतं आणि तिथून कुजतं. प्रत्येक झाडावर एक पानांची फांदी राखली तर फूट लवकर येते. पावसाळ्यात पन्नास दिवसांनी, हिवाळ्यात ऐंशी-नव्वद दिवसांनी, उन्हाळ्यात फार तर एकदा. शेंगा धरायच्या आत कापावं, नाहीतर शेजारच्या रानात सुबाभळीचं तण उगवतं आणि भांडणही. शेवरी तीन फुटांच्या खाली कापली तर बहुधा फुटतच नाही.

थंडीत शेंड्यांवर सायला नावाची बारीक कीड येते, पालवी आखडते, चिकट होते. ही कीड भारतात १९८८च्या सुमारास आली. फवारणी करू नये, पाला जनावरांच्या तोंडात जाणार असतो. शेंडे छाटावेत, ढालकिडे आले की जोर ओसरतो.

खाऊ घालताना हिशेब चुकवू नये. तीस किलोच्या शेळीला दिवसाला हिरवं साडेतीन किलोच्या आसपास लागतं. त्यात सुबाभूळ तिसरा हिस्सा, म्हणजे किलोभर. सुरुवात दोनशे ग्रॅमपासून, वाढ दोन आठवड्यांत. सुबाभळीतलं मिमोसिन हे विषारी द्रव्य जास्त झालं की केस गळतात, लाळ गळते, गळ्याशी गाठ येते. रवंथ करणाऱ्यांच्या पोटात ते पचवणारे जिवाणू असू शकतात. ऑस्ट्रेलियातल्या जनावरांत ते नव्हते, म्हणून तिथले शास्त्रज्ञ रेमंड जोन्स यांनी १९८०च्या दशकात हवाईतल्या शेळ्यांच्या पोटातून ते तिकडे नेले. आपल्या शेळ्यांत ते बहुधा असतात, तरी गाभण शेळीला हात आखडूनच द्यावं. घोडा, कोंबडी, ससा यांना तर देऊच नये.

दवाचा ओला पाला रिकाम्या पोटी दिला की पोट फुगतं. आधी मूठभर कडबा, मग चार-पाच तास सुकवलेला पाला, जुडी बांधून दोन-अडीच फुटांवर टांगलेली. जमिनीवर टाकलेला पाला शेळी एकदा तुडवते आणि मग हुंगूनही बघत नाही.

तिसऱ्या वर्षी वर्षाच्या तीन कापण्यांत मिळून चार-साडेचार टन हिरवा पाला निघतो. म्हणजे दहा-बारा शेळ्यांचा तिसरा हिस्सा. वीस गुंठ्यांवर पूर्ण कळप पोसायची स्वप्नं दाखवणाऱ्याला बाकीचे दोन हिस्से कुठून आणणार ते विचारावं.

पावसाळ्यातला जास्तीचा पाला उन्हाळ्यासाठी वाळवायचा तो सावलीत, ताडपत्रीवर. सुबाभळीची पानं सुकताच दांड्यावरून झडतात. मातीवर वाळवली तर निम्मी मातीतच जातात. ताडपत्री झटकून दांडे वेगळे काढायचे, पान चुरचुरीत झालं की गोण्यांत भरायचं. थोडा दमटपणा राहिला तरी आठवड्यात बुरशीचा वास येतो, आणि तो पाला मग खतातच टाकावा.