भाताला बुरा आणायची नोकरी

रामबागेतून आईचा फोन आला की पहिला प्रश्न जेवणाचा, दुसरा थंडीचा आणि मग जरा थांबून, "अजून भातच नासवतोयस का रे? आपल्या इंदूरला पावसाळ्यात बुरा फुकट येतो!"

तिचं काही चुकत नाही. इथे जर्मनीत माझं कामच ते: भातावर बुरशी वाढवून तिच्यातून नवी रसायनं शोधायची. काचेच्या चंबूत शंभर ग्रॅम तांदूळ, तेवढंच पाणी, ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे प्रयोगशाळेतल्या प्रेशर कुकरमध्ये, १२१ अंशांवर वीस मिनिटं. भात निवला की त्यावर बुरशीचा तुकडा. तीनेक आठवड्यांत वर हिरवट मखमल चढते, खाली भात पिवळाजर्द. मग रसायनं विरघळवून घेणारं इथिल ॲसिटेट ओतायचं, गाळायचं, आटवायचं. उरतो काकवीसारखा चिकट गोळा, म्हणजे शेकडो रसायनांची खिचडी. ती सिलिकातून, मग एचपीएलसी या रसायनं वेगळी करणाऱ्या यंत्रातून निवडत गेलं की हाती येतात तीन मिलिग्रॅम. जिऱ्याच्या एका दाण्याएवढे! आणि तेही बऱ्याचदा अर्गोस्टेरॉल निघतं, जे जवळजवळ प्रत्येक बुरशीत असतंच.

बाबांच्या कोलेस्टेरॉलच्या गोळीचा मूळपुरुषही असाच सापडला. जपानच्या अकिरा एन्दो यांनी सुमारे ६००० बुरश्या तपासल्या आणि १९७३ मध्ये कॉम्पॅक्टिन मिळालं, क्योटोतल्या धान्याच्या दुकानातल्या तांदळावरच्या बुरशीतून. हे आईला सांगितलं, तेव्हापासून ती निदान हसत नाही.

गेल्या महिन्यात मलाही वाटलं, सापडलं! मास स्पेक्ट्रममध्ये, म्हणजे रेणूंच्या वजनांच्या आलेखात, ३९१ वर उंच शिखर, आमच्या बुरशीच्या नोंदींत कुठेच नसलेलं. तीन दिवस मी हवेत. रात्रभर एनएमआर, म्हणजे रेणूची रचना दाखवणारं यंत्र, लावून ठेवलं. सकाळी शेजारच्या टेबलावरच्या सीनियर बाईंनी चहाचा कप न ठेवताच कागदाकडे पाहिलं. "३९१? ही तुझी प्लास्टिकची नळी आहे." प्लास्टिक मऊ राहावं म्हणून त्यात घालतात ते थॅलेट, सॉल्व्हंटमध्ये उतरलेलं. नवं रसायन शोधण्यातला निम्मा वेळ ते जुनं नाही ना, हे बघण्यात जातो. मी तेवढंच टाळलं होतं.

आता नळ्या बदलल्या आहेत. एकच बुरशी खाणं बदललं की वेगळी रसायनं काढते, म्हणून इथे कुणी ओट्सवर वाढवतं, कुणी पांढऱ्या घेवड्यावर. मी सोमवारी एका चंबूत घरून आणलेले पोहे भरले.

वर भुरभुरायचा इंदुरी मसाला, जिरावण, तेवढा घातला नाही.