ग्राम स्टेन, लाल गोल आणि क्यूए: माझा अनुभव

नवी मुंबईत रबाळ्याच्या आमच्या लॅबमध्ये पाण्याच्या सॅम्पलमधला जंतू ओळखून रिपोर्ट काढायचा, तर प्लेटिंग (सॅम्पल प्लेटवर पसरणं), इन्क्युबेशन (ठरावीक तापमानाला जंतू वाढवणं) सगळं बिनबोभाट होतं. अडतं ते ग्राम स्टेनला, म्हणजे जंतू रंगवून जांभळा राहिला तर पॉझिटिव्ह, गुलाबी झाला तर निगेटिव्ह ठरवायच्या चाचणीला. 'व्हेरिएबल' (दोन्ही रंग दिसले) लिहिलं की क्यूएकडून (गुणवत्ता तपासणाऱ्या विभागाकडून) वर्कशीट लाल गोलासकट परत! त्यांच्या फॉरमॅटमध्ये रकाने दोनच, पॉझिटिव्ह किंवा निगेटिव्ह. आता हे बॅसिलस या दांडीसारख्या जंतूला कोण सांगणार?

बॅसिलस पॉझिटिव्हच. पण कल्चर जुनं झालं की त्याची पेशीभित्तिका जांभळा रंग धरून ठेवत नाही आणि एकाच फील्डमध्ये जांभळ्या-गुलाबी दांड्या शेजारीशेजारी दिसतात. शनिवारची प्लेट सोमवारी उचलली की हे ठरलेलंच. म्हणून आधी सबकल्चर करा (ताज्या प्लेटवर पुन्हा वाढवा) आणि १८ ते २४ तासांची वाढच घ्या. दांडीच्या मध्ये रंग न घेतलेला लंबगोल ठिपका दिसला तर तो स्पोअर (बीजाणू), तोही शेऱ्यात लिहा.

दुसरी गोम रंग धुणाऱ्या अल्कोहोलची. क्रिस्टल व्हायोलेट १ मिनिट, आयोडीन १ मिनिट, इथपर्यंत कुणी चुकत नाही. मग स्लाइड तिरकी धरून ९५ टक्के अल्कोहोल थेंबथेंब सोडायचं आणि खाली पडणारा थेंब स्वच्छ दिसला की त्याच क्षणी पाणी. पातळ स्मिअरला (स्लाइडवर पसरलेल्या जंतूंच्या थराला) काही सेकंद पुरतात. जास्त झालं की पॉझिटिव्ह असलेला स्टॅफसुद्धा (स्टॅफिलोकॉकस) गुलाबी, आणि स्मिअर जाड असला की निगेटिव्ह असलेला ई. कोलाय जांभळा. त्यामुळे त्याच स्लाइडवर दोन्ही बाजूंना हे दोन ओळखीचे जंतू कंट्रोल म्हणून लावतोच. त्यावर क्यूएला बोलायला जागा उरत नाही.

जुलैत स्मिअर लवकर वाळत नाही. ओलाच ज्योतीवर धरू नका, पेशींचा आकार बिघडतो.

तरीही शंका असेल तर ३ टक्के केओएचच्या (पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या) थेंबात कॉलनी घोटा आणि लूप (तारेचा फास) हळूच वर उचला. अर्ध्या मिनिटात चिकट तार आली तर निगेटिव्ह. मी हा निकाल वर्कशीटला जोडायला लागल्यापासून लाल गोल बंद झाले.

पांढरी मलईदार कॉलनी दिसली की लगेच स्टॅफ लिहू नका. कॅन्डिडा ही यीस्टही जांभळीच दिसते, पण पेशी कितीतरी मोठ्या आणि कळ्या फुटलेल्या. बुरशीसाठी सॅबुरॉ (बुरशी वाढवायच्या माध्यमाची) प्लेट २० ते २५ अंशांवर किमान ५ दिवस ठेवायची. रिपोर्टसाठी दुसऱ्या दिवशी फोन करून उपयोग नाही. बुरशी सेलोटेपवर उचलून लॅक्टोफिनॉल कॉटन ब्लू या निळ्या रंगात मायक्रोस्कोपखाली पाहा: झाडूसारखी पेनिसिलियम, टोकाला फुगा असलेली ॲस्परजिलस.

हो, ऑक्सिडेज या एन्झाइमच्या चाचणीला नायक्रोम (निकेल-क्रोमियम) लूप नको, खोटा पॉझिटिव्ह येतो. लाकडी काडी वापरा.