घरचे नेल सलून: पहिला खर्च आणि तिसरा आठवडा

"ताई, घरच्या घरी नेल सलून सुरू करायला किती पैसे लागतात?" हा प्रश्न मला समोरच्या खुर्चीत बसलेल्या मुली विचारतात, सोसायटीतल्या काकू आपल्या सुनेसाठी विचारतात आणि पूर्वी माझ्याबरोबर नोकरी करणाऱ्या मैत्रिणी फोन करून विचारतात. जिन्यात उभे राहून याचे उत्तर एका आकड्यात द्यावे लागते आणि तो आकडा ऐकून समोरची व्यक्ती एक तर घाबरते, नाही तर फारच निश्चिंत होते. सुरुवातीला किती लागतात आणि पुढे काम वाढवायचे कसे, असे तुम्ही विचारलंत म्हणून या वेळी सविस्तर लिहिते.

आकडा आधी सांगते. 2021 च्या दिवाळीनंतर डोंबिवलीतल्या आमच्या घराच्या पुढच्या खोलीत मी काम सुरू केले, तेव्हा माझे साधारण 58,000 रुपये खर्च झाले. त्यांपैकी 25,000 प्रशिक्षणाचे होते आणि उरलेल्यांत टेबल, दोन खुर्च्या, नखावरचे जेल जमवणारा म्हणजे कडक करणारा दिवा, ई-फाइल (नख घासण्याचे विजेचे अवजार), धूळ ओढणारे यंत्र आणि जेलच्या, म्हणजे दिव्याखाली कडक होणाऱ्या नेलपॉलिशच्या, बाटल्या आल्या. यातली एक मोठी चूक म्हणजे क्रॉफर्ड मार्केटातून एकदम आणलेल्या 60 शेड्स. आजही माझ्याकडे रोज लागतात त्या आठ-दहाच: त्वचेच्या रंगाजवळचे दोन-तीन, गुलाबी, मरून, लाल आणि लग्नसराईत सोनेरी. बाकीच्या बाटल्या घट्ट होऊन गेल्या. काही तर मी टेबल खिडकीजवळ ठेवल्यामुळे उन्हाने बाटलीतच जमल्या, कारण ज्या अतिनील किरणांवर आपला दिवा चालतो ते उन्हातही असतात. आज सुरुवात करायची असती तर मी 12 शेड्स घेतल्या असत्या आणि वाचलेले पैसे चांगल्या बेस जेलमध्ये (नखावरचा पहिला थर) आणि छोट्या ऑटोक्लेव्हमध्ये (वाफेच्या दाबाने अवजारे निर्जंतुक करणारे यंत्र) घातले असते.

ॲक्रिलिक, म्हणजे द्रव आणि पावडर मिसळून करायची कृत्रिम नखे, मी घरात आणलेच नाही. त्याच्या द्रवाचा वास खोलीत कोंडून राहतो आणि सासूबाईंना दम्याचा त्रास आहे. ज्या घरात स्वयंपाक होतो, लहान मूल झोपते, तिथे कोणते काम करायचे हे फॅशन पाहून ठरवता येत नाही, असे माझे मत आहे. जेल घासतानाही धूळ उडतेच. म्हणून धूळ ओढणारे यंत्र, मास्क आणि उघडी खिडकी या तीन गोष्टींशिवाय मी ई-फाइल हातात घेत नाही.

परंतु हा धंदा ज्या हिशेबावर उभा आहे, तो खरेदीच्या यादीत दिसत नाही. हाताचे नख महिन्याला साधारण तीन मिलिमीटर वाढते. म्हणजे आज केलेल्या नखाच्या मुळाशी तीन आठवड्यांनी दोन मिलिमीटरची मोकळी पट्टी दिसू लागते, वजन टोकाकडे सरकते, आणि त्या बाईला रिफिलसाठी, म्हणजे ती पट्टी भरून घेण्यासाठी, तरी यावे लागते किंवा सगळे उतरवण्यासाठी तरी. माझे सलून या तिसऱ्या आठवड्यावर चालते. सोमवारी सुट्टी, इतर दिवशी तीन अपॉइंटमेंट, आणि मुंबईला लोकलने कामाला जाणाऱ्या बायकांसाठी रविवारी पाच, अशा आठवड्याला 20 होतात. म्हणजे तीन आठवड्यांत जास्तीत जास्त 60 जणी, आणि एकटीच्या हातांची मर्यादा तीच. त्यांतल्या 40 जणी नियमित परत येत असतील तर घरखर्चाला नक्की किती हातभार लागेल हे महिन्याच्या पहिल्या तारखेला सांगता येते. रोज नव्या बायका शोधत राहणारीला ते कधीच सांगता येत नाही, मग तिचे नेल आर्ट कितीही देखणे असो.

बाई परत का येते, याचे उत्तर मला दुसऱ्याच महिन्यात मिळाले आणि ते मी विसरू शकत नाही. एका मुलीच्या दोन नखांचे जेल कडेने सुटले होते. तिला गाडी गाठायची होती, मला उशीर झाला होता, म्हणून जेल सैल करायला नखे ॲसिटोनने भिजवण्याची पंधरा मिनिटे वाचवण्यासाठी मी ते पुशरने (नखाजवळची कातडी मागे सारायचे अवजार) उचकटून काढले. जेलबरोबर तिच्या स्वतःच्या नखाचे पापुद्रे निघाले. गरम पाणी लागले तरी तिला झोंबायचे. नख मुळापासून टोकापर्यंत पूर्ण नवे यायला सहा महिन्यांच्या आसपास लागतात आणि तेवढे महिने मी दर पंधरवड्याला तिची नखे पैसे न घेता कापून, तेल लावून देत होते. ती आजही येते, हा तिचा मोठेपणा. तेव्हापासून माझ्याकडे नख उतरवण्यासाठी वेगळी वेळ राखलेली असते आणि त्याचे वेगळे पैसे मी न संकोचता घेते. नवे नख चढवणे दोन महिन्यांत शिकता येते. उतरवताना हात आवरायला मला वर्ष लागले.

स्वच्छतेबद्दल थोडे अधिक लिहिणे भाग आहे. निळ्या दिव्याची जी पेटी दुकानात 'स्टरिलायझर' म्हणून विकतात, तिच्या प्रकाशाने अवजारांच्या खाचांतले जंतू मरतीलच असे नाही. ती फार तर स्वच्छ अवजारे ठेवण्याची जागा आहे. स्टीलची अवजारे साबणाने घासून, वाळवून, ऑटोक्लेव्हमध्ये 121 अंशांवर 15 मिनिटे ठेवावी लागतात, आणि कागदी फाइल एका बाईची झाली की फेकावी लागते. कुणाला नखुरडे झाले असेल, किंवा सुटलेल्या जेलखाली ओल राहून नख हिरवट दिसत असेल, तर मी काम करत नाही, डॉक्टरांकडे पाठवते. रुग्णांची शुश्रूषा करणाऱ्या नर्सनाही मी कृत्रिम नखे लावून देत नाही, कारण जागतिक आरोग्य संघटनेच्या हात-स्वच्छतेच्या सूचनांतच त्यांना मनाई आहे.

ॲलर्जीचा विषय तर याहून गंभीर आहे. न जमलेले जेल त्वचेला वारंवार लागले की जेलमधल्या 'हेमा' या रसायनाची आणि त्यासारख्या घटकांची ॲलर्जी होऊ शकते, आणि एकदा झाली की ती सहसा आयुष्यभर राहते. याच कुळातली रसायने दातांच्या फिलिंगमध्ये आणि हाडांच्या शस्त्रक्रियेतल्या सिमेंटमध्ये वापरतात, म्हणजे नखांसाठी केलेला निष्काळजीपणा पुढे दवाखान्यात आडवा येऊ शकतो. युरोपीय संघाने 2020 मध्ये हेमा असलेली नखांची उत्पादने व्यावसायिकांपुरती मर्यादित केली, आणि जेल जमवणाऱ्या 'टीपीओ' या घटकावर 1 सप्टेंबर 2025 पासून सौंदर्यप्रसाधनांत बंदी आणली. तेव्हापासून मी घटकांची यादी नसलेली बाटली, कितीही स्वस्त मिळाली तरी, घेत नाही.

लग्नाच्या नखांचे एक सांगायचे राहिले. नवरीची नखे हळदीच्या आदल्या दिवशी करू नका. फिकट रंगावर हळद बसली की टॉप कोट (सगळ्यात वरचा चकचकीत थर) पिवळा पडतो आणि फोटोत ते दिसते. हळद उतरल्यावर त्याच संध्याकाळची वेळ द्या. तुळशीच्या लग्नानंतरच्या मुहूर्तांत मी सकाळच्या दोन वेळा फक्त नवरीमुलींसाठी मोकळ्या ठेवते.

कागदपत्रे वाटतात तितकी अवघड नाहीत. लहान उद्योगांची सरकारी 'उद्यम' नोंदणी ऑनलाइन आणि विनामूल्य होते, महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यात कामगार थोडेच असतील तर फक्त सूचना द्यावी लागते, आणि सेवांची वार्षिक उलाढाल 20 लाखांच्या आत असेल तोवर जीएसटीची नोंदणी सहसा लागत नाही. सोसायटीच्या समितीला मात्र पहिल्याच आठवड्यात लेखी कळवा. मी तीन महिने उशीर केला आणि तेवढ्यात लिफ्टमधल्या अनोळखी चेहऱ्यांबद्दल दोन तक्रारी गेल्या होत्या.

वाढवायचे कसे, हा तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग. तीन आठवड्यांत 60 जणींच्या पुढे जायचे तर आणखी दोन हात लागतात. गेल्या वर्षी शेजारच्या इमारतीतली एक मुलगी माझ्याकडे शिकायला आली. पहिले चार महिने तिने फक्त नखे उतरवली, अवजारे धुतली आणि वही लिहिली. तिच्या आईला ते फार वाटले आणि त्यांनी मला तसे बोलूनही दाखवले. पाचव्या महिन्यात मी तिच्या हातात ब्रश दिला. आता मंगळवार आणि गुरुवारच्या अपॉइंटमेंट ती घेते, आणि तिसऱ्या आठवड्यात त्यांतल्या बऱ्याच जणी तिचीच वेळ मागतात.