आपल्या पावसाच्या आधीचा वारा

ओमानच्या किनाऱ्यावरच्या अल अश्खराला पोचेपर्यंत रात्रीचे साडेदहा झाले. गाडी थांबवून दार किलकिलं केलं आणि वाऱ्याने ते हातातून हिसकावूनच घेतलं. बिजागरी अशी करकरली की दार निखळलं असं वाटलं. दुपारी मस्कत सोडताना गाडीतला आकडा ४३ अंश होता, इथे २८. थंड हवेच्या कुठल्या डोंगरावर आलो नव्हतो, होतो तो समुद्राच्या काठालाच. खोलीची खिडकी रात्रभर थडथडत राहिली. मी जागाच होतो आणि मनातून खूश होतो, कारण याच वाऱ्यासाठी आलो होतो.

ओमानला लोक जातात हिवाळ्यात. जुलैत जायचं ठरवलं त्याला कारण नकाशा. रत्नागिरीवरून पश्चिमेला सरळ रेघ ओढली तर ती अरबी समुद्र ओलांडून जवळपास सलाला शहरावर जाते. दोन्ही गावं १७ अंश उत्तर अक्षांशावर, मध्ये सुमारे २००० किलोमीटर पाणी. रत्नागिरीत वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, सलालात १००-१२५. आणि जून ते सप्टेंबर दोन्हीकडे वारा एकच, नैऋत्येचा. हे लक्षात आल्यापासून मला चैन नव्हतं. आपण ज्याला मोसमी वारा म्हणतो त्यातला ‘मोसम’ हा शब्दसुद्धा इकडचाच, अरबी ‘मौसिम’. आपल्याकडे पोचायच्या आधी हा वारा काय करत असतो ते बघायचं होतं.

तो निघतो दक्षिण गोलार्धातून. पूर्व आफ्रिकेचे डोंगर त्याला पश्चिमेला जाऊ देत नाहीत, म्हणून त्यांच्या कडेकडेने उत्तरेला सरकत केनियाजवळ तो विषुववृत्त ओलांडतो, मग पृथ्वीच्या परिवलनाने उजवीकडे वळतो आणि सोमालियावरून अरबी समुद्रात शिरतो. सगळ्यात जोर असतो तो एक-दीड किलोमीटर उंचीवर. जे. फाइंडलेटर या ब्रिटिश हवामानशास्त्रज्ञाने १९६९ साली त्याचं चित्र नीट मांडलं, म्हणून त्याला फाइंडलेटर झोत म्हणतात. सोमाली झोत हे त्याचं दुसरं नाव. झोताचा गाभा समुद्रावरून भारताकडे येतो. त्याची डावी कड ओमानच्या किनाऱ्याला घासत जाते. अल अश्खराच्या खिडकीवर आपटत होती ती ही कड.

सकाळी पाण्याशी गेलो. समुद्र निळा नव्हताच. शेवाळलेल्या विहिरीसारखा गडद हिरवा होता आणि वासही दाट, मासळीचा. पाण्यात पाय घातला आणि झटक्यात मागे घेतला. जुलैत मस्कतचं पाणी तिशीच्या पुढे, कोमट असतं. हे मात्र हिवाळ्यातल्या नदीसारखं थंड होतं.

या गारव्याचं कारण मला आधी वाचून माहीत होतं, पण पायाला कळणं वेगळं. इथे वारा किनाऱ्याला समांतर वाहतो. उत्तर गोलार्धात वाऱ्याने ढकललेलं वरच्या थरातलं पाणी एकूणात वाऱ्याच्या उजव्या हाताला सरकतं आणि इथे उजवा हात म्हणजे खुला समुद्र. किनाऱ्याजवळचं कोमट पाणी असं सतत बाहेर ओढलं जातं आणि त्याची जागा घ्यायला खालचं थंड पाणी वर येतं. ते नुसतं थंड नसतं. तळाकडे साचलेले नायट्रेट आणि फॉस्फेट ते सूर्यप्रकाशात आणून सोडतं. एखाद्या शेतात खत पडावं तसं. मग सूक्ष्म वनस्पती माजतात, पाणी हिरवं होतं, त्यांच्यामागे तारली येते आणि तारलीमागे बाकी सगळे. इथले हंपबॅक देवमासे तर ध्रुवाकडे जायचं सोडूनच बसलेत. जगातले बाकीचे हंपबॅक खायला थंड समुद्रात आणि विणीला उबदार समुद्रात असा हजारो किलोमीटरचा फेरा करतात. अरबी समुद्रातला हा कळप वर्षभर इथेच राहतो. ओमानजवळ ते शंभरही उरलेले नाहीत, म्हणून या हिरव्या पाण्याकडे बघताना जीव थोडा वरखाली होतो.

दक्षिणेला निघालो. शर्किया वाळवंटाच्या टेकड्या इथे थेट समुद्रापर्यंत येतात आणि वाळू रस्त्यावरून वाहत असते. पाणी वाहावं तशी, घोट्याच्या उंचीने, सळसळ आवाज करत. गाडी पळत असताना खालचा डांबरी रस्ता अधूनमधून दिसेनासा होतो आणि आपणच आडवे सरकतोय असं वाटतं. समोरून येणाऱ्या टँकरने दिवे लावले होते, दुपारी दोन वाजता.

शन्नाच्या धक्क्यावर मसिरा बेटाची फेरी तीन तास उशिरा सुटली. या तीन तासांत मी मोबाईलवर सागरी अंदाज वाचत बसलो. वारा २८ नॉट, मधूनच येणारे झटके ३५ पर्यंत. एक नॉट म्हणजे ताशी १.८५ किलोमीटर, म्हणजे सलग वारा पन्नाशीच्या पुढे. वाऱ्याचा जोर सांगणाऱ्या बोफर्टच्या मापात सात. बाहेरच्या समुद्रात लाटांची उंची ४ मीटर. हा आकडा वाचताना बरेच जण फसतात. अंदाजातली उंची ही सगळ्या लाटांपैकी सर्वांत उंच एक-तृतीयांश लाटांची सरासरी असते. एखादी सुटी लाट त्याच्या जवळजवळ दुप्पट येऊ शकते. लहान होडीवाल्याला सरासरी बुडवत नाही, ती एक लाट बुडवते. म्हणून किनाऱ्यावर राहणाऱ्या प्रत्येकाला हे शाळेतच शिकवायला हवं असं मला फार वाटतं.

दुसरी गोष्ट आवर्तनकाळाची, म्हणजे दोन लाटांमधल्या सेकंदांची. ती मसिराला डोळ्यांनी दिसली. मुख्य भूमी आणि बेट यांच्यामधली खाडी उथळ आहे. तिथे वाऱ्याने जागच्या जागी उठवलेल्या लाटा आखूड, उभ्या आणि एकमेकींच्या पाठीला पाठ लावून येतात. दीड तासाच्या प्रवासात फेरी धावली कमी आणि थरथरली जास्त. दुसऱ्या दिवशी बेटाच्या पूर्वेला गेलो. तिथे लाटा लांब अंतराच्या, दमाने येणाऱ्या. मी मोजत होतो, एकीनंतर दुसरी नऊ सेकंदांनी. उंचीला दोन्हीकडे फार फरक नसेलही, पण खाडीतल्या लाटा कंटाळवाण्या त्रासाच्या आणि या भीतीच्या. याच बाजूच्या वाळूत लॉगरहेड कासवं अंडी घालतात. पहाटे एकीचा माग दिसला. पाण्यापासून वर आलेला आणि परत गेलेला, वाऱ्याने अर्धा पुसलेला.

दुक्म लवकर मागे टाकलं. शुवैमियाच्या पुढे डोंगर फोडून काढलेला रस्ता हासिकला जातो. समोर चाळीसेक किलोमीटरवर हल्लानियात बेटं आहेत. जुन्या नकाशांवर त्यांचं नाव कुरिया मुरिया. धुरकट हवेत ती दिसली नाहीत, तरी मी बराच वेळ थांबलो. १५०३ च्या मे महिन्यात वास्को द गामाचे दोन मामा, व्हिसेंते आणि ब्राश सोद्रे, तिथे जहाजं नांगरून होते. उत्तरेचं मोठं वारं येणार आहे, जागा बदला, असं स्थानिक अरबांनी त्यांना सांगितलं. आपल्या लोखंडी नांगरांवर त्यांचा भरवसा. ते हलले नाहीत. वारं आलं, दोन्ही जहाजं खडकांवर गेली, व्हिसेंतेचं ‘एस्मेराल्दा’ माणसांसकट बुडालं. १९९८ मध्ये अवशेष सापडले आणि २०१६ मध्ये ते जाहीर झाले. त्यात १४९८ साल कोरलेली घंटाही आहे. त्या कोळ्यांनी कशावरून ओळखलं असेल? मे आणि जून, आणि पुन्हा ऑक्टोबर-नोव्हेंबर, हे इकडच्या चक्रीवादळांचे महिने. भर मोसमात उंचावरचा आणि समुद्रालगतचा वारा इतका वेगळा असतो की वादळ उभंच राहू शकत नाही. २५ मे २०१८ ला ‘मेकुनू’ चक्रीवादळ सलालाजवळ जमिनीवर आलं तेव्हा वर्षभराच्या सरासरीच्या दुपटीहून जास्त पाऊस एका दिवसात पडला होता.

मिरबातला होड्या वाळूवर ओढून ठेवलेल्या. एका होडीच्या आडोशाला एक म्हातारे गृहस्थ जाळं विणत बसले होते. तरुणपणी ते गलबतावरून मुंबईला येत असत, हिंदी छान बोलत होते.

“चाचा, समुद्र कधी उघडणार?” मी विचारलं.

“सप्टेंबर संपू दे. आता तो बंद आहे. तुझ्याकडे नाही का बंद?”

मी म्हणालो, आमच्याकडेही बंद, नारळी पौर्णिमेपर्यंत. त्यांना नारळाचं माहीत होतं. “सोन्याचा नारळ,” ते म्हणाले आणि हसले. मग हाताने पाण्याकडे दाखवून म्हणाले, आत्ता खाली जंगल उगवलंय, मोसम संपला की वाळून किनाऱ्यावर येईल. खरंच, थंड पाण्यामुळे या तीन-चार महिन्यांत इथे मोठ्या तपकिरी शेवाळांची रानं वाढतात आणि पाणी तापलं की मरतात.

सलालाला धुकं होतं. इथे या दिवसांना ‘खरीफ’ म्हणतात, आपला खरीप तो हाच शब्द. शहरामागचे डोंगर हिरवेगार, उंट चिखलात आणि हवेत भुरभुर. अंगावर थेंब लागत नाही पण शर्ट ओला होतो. तीन दिवस होतो, एकदाही पाऊस ‘पडला’ नाही. वारा तोच, ओलावाही आहे, डोंगरही आडवे आहेत, मग अडतं कुठे? थंड समुद्रावरून आलेली हवा खाली गार असते आणि तिच्यावर रब अल खालीच्या वाळवंटाची तापलेली कोरडी हवा झाकणासारखी बसते. ढगाला वर चढून मोठं व्हायला जागाच मिळत नाही. तो डोंगराला चिकटून राहतो आणि झाडंच त्याला पिळून घेतात. धुक्याचे कण पानांवर जमून थेंब होतात, खोडावरून ओघळतात. एका झाडाखाली उभा राहिलो तर टपटप भिजलो, दहा पावलं बाजूला जमीन कोरडीच. आपल्याकडे पोचेपर्यंत हे झाकण विरलेलं असतं, वाटेतल्या उबदार समुद्राने वारा तुडुंब भरलेला असतो आणि समोर सह्याद्री.

शेवटच्या दिवशी थुमरैतच्या रस्त्याने डोंगर चढलो. वायपर चालू, दिवे चालू, पुढची गाडी दिसत नाही असं धुकं. माथा आला आणि ते संपलं. विरळ होत वगैरे नाही, एका वळणावर संपलं. वायपर कोरड्या काचेवर खरडायला लागले तेव्हा बंद करायचं सुचलं. आकडा २४ वरून चढत काही मिनिटांत ३८ वर गेला. पुढे खडकाळ उतारावर लोबानाची झाडं होती, धुक्याच्या पल्याड ती चांगली वाढतात. गाडी थांबवून मागे पाहिलं. पांढरा ढग कड्यावर अर्धवट चढून तिथेच उकळल्यासारखा हलत होता, त्याच्या वर स्वच्छ निळं आभाळ.

मोबाईलला रेंज आली होती. घरून आईचा संदेश होता, पहाटेपासून धो धो लागलाय, अंगणात पाणी शिरलंय, तिकडे कसं आहे?